कवटी, जेएके आणि अर्धवट सलाम: मोबाईलवरची छोटी भाषा समजून घेताना

फॅमिली ग्रुपवर भाच्याने रात्री साडेअकराला एक व्हिडिओ टाकला. मामूंचा बकरा दोरी तोडून पळतोय आणि त्याच्यामागे लुंगी सावरत मामू, अशी दहा सेकंदांची गंमत. खाली सगळ्या मामे-चुलत भावंडांनी ओळीने कवट्या टाकल्या. खालाजान झोपायच्या तयारीत होत्या. त्यांनी व्हिडिओ उघडलाच नाही, फक्त कवट्या पाहिल्या आणि थेट फोन लावला, "या अल्लाह, कोण गेलं?"

खालाजानची चूक नव्हती. त्यांच्या पिढीने कवटी पाहिली ती विजेच्या खांबावरच्या धोक्याच्या पाटीवर. आजच्या पोरांसाठी कवटी म्हणजे "हसून हसून मेलो". धाय मोकलून रडणारा चेहराही बऱ्याचदा हसण्यासाठीच असतो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा पिवळा चेहरा २०१५ साली ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता, आणि आता तो टाकला की मुलं म्हणतात, "अब्बा, हा म्हाताऱ्यांचा इमोजी आहे." म्हणजे दहा वर्षांत एक चेहरा जुना झाला. शब्दसुद्धा इतक्या लवकर जुने होत नाहीत.

घराघरात अशा गमती होतात, काही वेळा मनंही दुखावतात. म्हणून या छोट्या भाषेची थोडी ओळख करून द्यावी असं आम्हाला वाटलं. सगळ्या शब्दांची यादी आम्ही देणार नाही. ती छापेपर्यंत शिळी होते. पण हे तुकडे कुठून आले, त्यातले कोणते निरुपद्रवी आहेत आणि कुठे जपायला हवं, एवढं सांगता येईल.

अक्षरं का तुटली

सुरुवात झाली एसएमएसपासून. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. एका संदेशात फक्त १६० अक्षरं बसायची. त्यात जुन्या मोबाईलची बटणं आठवा: इंग्रजी 'एस' उमटवायला सातचं बटण चार वेळा दाबावं लागायचं. अंगठा दुखायचा आणि पैसेही लागायचे. मग 'यू' एकाच अक्षरात आला, 'ग्रेट'मध्ये आठचा आकडा घुसला.

मराठीची अडचण याहून मोठी होती. देवनागरीत लिहिलं तर त्याच एसएमएसमध्ये ७० अक्षरंच मावायची. म्हणजे मराठीत लिहिणं दुपटीहून महाग. तेव्हा सगळ्यांनी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला घेतली आणि स्वर गाळले. 'करतो' हा शब्द के-आर-टी-ओ एवढाच उरला. आज इंटरनेटवर अक्षरांना बंधन नाही, मराठी कीबोर्ड फुकट आहे, तरी ती सवय सुटलेली नाही.

'एलओएल' हे त्या काळातलंच. अर्थ 'मोठ्याने हसतोय'. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन मात्र त्याचा अर्थ 'खूप खूप प्रेम' समजून संदेशाच्या शेवटी लिहायचे, असं २०१२ मध्ये तिथल्या लेव्हसन चौकशीत समोर आलं. पंतप्रधानांची ही गत, तर आपल्या दादीअम्मांना कोण हसणार! आणि 'ओएमजी' तर मोबाईलच्याही आधीचं आहे. १९१७ साली ब्रिटिश आरमाराचे लॉर्ड फिशर यांनी चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ते सापडतं.

'डीपी' म्हटलं की गावाकडे अजूनही विजेचा डीपीच आठवतो. "डीपी बदलला का?" असं पुतणीने विचारलं आणि चाचा म्हणाले, "नाही अजून, लाईनमन आलाच नाही." हा विनोद आहे, पण घडूही शकतो.

आपल्याला हे नवं नाही

शब्द तोडणं म्हणजे भाषेचा नाश, असं म्हणणाऱ्यांनी एसटीच्या पाट्या वाचाव्यात. गावाच्या नावापुढे 'बु.' आणि 'खु.' असतं ना? बुद्रुक आणि खुर्द. फारसीतला 'बुजुर्ग', म्हणजे मोठा, आणि 'खुर्द', म्हणजे लहान. पत्त्यातलं 'ह. मु.' म्हणजे हल्ली मुक्काम. 'ता.' आणि 'जि.' म्हणजे तालुका आणि जिल्हा, दोन्ही मूळचे अरबी. पेशवाईतल्या मोडी पत्रांत हिजरी महिन्याची तारीख लिहिताना आधी नुसता 'छ' काढत, पुढे आकडा आणि मग 'जिल्काद' किंवा 'रबिलावल'. वाचणाऱ्याला कळायचं की ही चंद्राची तारीख आहे.

आपल्या दीनी किताबांतही तेच. मराठीतल्या इस्लामी पुस्तकांत 'हजरत मुहम्मद (स.)', सहाबांच्या नावापुढे '(रजि.)', बुजुर्गांच्या नावापुढे '(रह.)' छापलेलं आपण लहानपणापासून पाहतो. हदीसच्या जुन्या हस्तलिखितांत 'हद्दसना', म्हणजे 'आम्हाला सांगितलं', हा शब्द इतक्या वेळा यायचा की लिहिणारे त्याची शेवटची दोन-तीन अक्षरंच ठेवायचे. आणि ७८६ तर आपल्याकडे रिक्षापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे. अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला आकडा असतो. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ येते. कागद पायदळी गेला तर बेअदबी होऊ नये म्हणून आकडा लिहिण्याची रीत पडली, असं मोठी माणसं सांगतात. हा आकडा बिस्मिल्लाहच्या जागी चालतो का, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत आणि बरेच जण नको म्हणतात.

म्हणजे कागद वाचवायला, हात वाचवायला माणूस पूर्वीपासून अक्षरं तोडतोच आहे. फरक एवढाच की किताबात पहिल्या पानावर खुलासा असायचा. व्हॉट्सअॅपवर तो नसतो.

सलामचे तुकडे

आता खरा विषय. ग्रुपवर रोज काय दिसतं? 'एएसए' किंवा 'एओए', उत्तरादाखल 'डब्ल्यूएस'. 'जेएके' किंवा 'जेझेडके' म्हणजे जजाकल्लाह. 'एमए' म्हणजे माशाअल्लाह, 'आयए' म्हणजे इन्शाअल्लाह, 'एफए' म्हणजे फी अमानिल्लाह. अल्लाहच्या नावापुढे 'एसडब्ल्यूटी', म्हणजे सुब्हानहू व तआला. नबींच्या नावापुढे 'एसएडब्ल्यू' किंवा इंग्रजी पद्धतीचं 'पीबीयूएच'. नव्या मुलाला 'एमए' वाचून पदवी वाटली तर नवल नाही.

फतवा देणं आमचं काम नाही. पण काही गोष्टी जाणून घेण्यासारख्या आहेत.

दरूद थोडक्यात लिहावं का, हा प्रश्न मोबाईलने आणलेला नाही. हिजरी सातव्या शतकातले हदीसशास्त्राचे नामवंत अभ्यासक इब्न अस्-सलाह (निधन हि. ६४३) यांनी हदीस लिहिणाऱ्यांना बजावलं होतं की दरूद दोन-चार अक्षरांच्या खुणेवर भागवू नका आणि वारंवार लिहायचा कंटाळा करू नका. तेव्हा बोरू आणि शाई होती, कागद महाग होता. तरीही आळसाला त्यांनी सूट दिली नाही. आमच्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्यांनी '(स.)' लिहिताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वाचताना तरी पूर्ण दरूद तोंडी यावं, हीच अपेक्षा.

सलामचं तर आणखी वेगळं आहे. सलाम ही दुआ आहे. कुणी सलाम केला तर त्याहून चांगला किंवा निदान तेवढाच जवाब द्या, असा हुकूम सूरह निसामध्ये आहे. आता चाचांनी पाच मिनिटं खर्च करून एका बोटाने पूर्ण 'अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू' टाईप केलं आणि पुतण्याने दोन अक्षरांत 'डब्ल्यूएस' टाकलं, तर हिशेब कसा जुळणार? चाचा काही बोलत नाहीत. पण मनात राहतं.

घाईत सलाम चुकीचाही होतो. 'अस्सलाम'मधला 'ल' गळला की 'अस्साम' उरतं, आणि अरबीत 'साम' म्हणजे मौत. मदीन्यात काही लोक मुद्दाम जीभ वळवून असाच सलाम करायचे. हजरत आयशा (रजि.) यांनी रागाने उत्तर दिलं, तेव्हा नबी (स.) यांनी त्यांना नरमीने घ्यायला सांगितलं आणि स्वतः फक्त 'व अलैकुम' म्हणाले, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आपल्याकडे घाईत 'सामालेकुम' म्हणणाऱ्याची नियत वाईट नसते, हे उघड आहे. पण लिहिताना एक 'ल' टाकायला किती वेळ लागतो? तसंच, इंग्रजी अक्षरांत सलामची पहिली तीनच अक्षरं लिहून सोडू नयेत. इंग्रजीत त्याचा अर्थ गाढव होतो आणि बोलीत त्याहून वाईट.

जजाकल्लाहमध्येही एक बारकावा आहे. नुसतं 'जजाकल्लाह' म्हणजे 'अल्लाह तुम्हाला बदला देवो'. कसला बदला, ते पुढच्या 'खैरन'मध्ये आहे. 'जेएके'मध्ये नेमका तोच शब्द सुटतो.

सगळ्यात जास्त बोचतं ते मय्यतच्या बातमीवर. कुणाचे वालिद गेले, ग्रुपवर खबर आली, जनाजा किती वाजता ते आलं, आणि खाली एकाने टाकला अंगठा. त्याला म्हणायचं असतं, 'वाचलं, पोहोचतो'. दुखात बसलेल्याला दिसतो तो 'छान!'चा अंगठा. काहीजण सवयीने 'आरआयपी' टाकतात. ती लॅटिन भाषेतली, ख्रिस्ती कबरींवर लिहिली जाणारी दुआ आहे. ख्रिस्ती मित्राच्या घरी दुःख झालं तर ठीक, आपल्या घरात 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' एवढं पूर्ण लिहिण्याचं बळ बोटांत असावं.

अंगठ्यावरून आठवलं. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्याने जवसाच्या सौद्याच्या कागदाच्या फोटोवर मोबाईलवर नुसता अंगठा पाठवला. 'मिळालं' एवढंच म्हणायचं होतं, असं त्याचं म्हणणं. २०२३ मध्ये तिथल्या कोर्टाने अंगठा ही सहीच धरली आणि माल न दिल्याबद्दल त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. व्यापारी वाचकांनी, विशेषतः मंडीत सौदे करणाऱ्यांनी, हे वाचून ठेवावं.

एक सोपा उपाय आहे. मोबाईलच्या कीबोर्डलाच शिकवा. अँड्रॉइडवर गुगलच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'डिक्शनरी' आणि त्यात 'पर्सनल डिक्शनरी' असते. आयफोनमध्ये 'जनरल', मग 'कीबोर्ड', मग 'टेक्स्ट रिप्लेसमेंट'. तिथे 'असक' ही तीन अक्षरं द्या आणि त्यासमोर पूर्ण सलाम लिहून ठेवा. पुढे 'असक' टाईप केलं की पूर्ण सलाम समोर येतो, फक्त त्याला बोट लावायचं. जजाकल्लाहु खैरन आणि दरूदचंही तसंच. पूर्ण दरूद एकाच चिन्हात दाखवणारी खूण युनिकोडमध्ये आहे. ती एकदा कॉपी करून तिथे चिकटवली की काम झालं. आमच्या माहितीतल्या दोन दादींना त्यांच्या नातींनी हे करून दिलं आणि आता ग्रुपवर सगळ्यात लवकर त्यांचाच जवाब येतो.

मॉस्क, मच्छर आणि इतर अफवा

याच विषयावर एक जुना फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. 'मॉस्क लिहू नका, त्याचा अर्थ मच्छरांचं घर. मेक्का लिहू नका, त्याचा अर्थ दारूचं घर.' दोन्ही खोटं. 'मॉस्क' हा शब्द स्पॅनिश 'मेस्किता'वरून युरोपात फिरत आला आणि 'मेस्किता' आला 'मस्जिद'वरूनच. मच्छराचा 'मॉस्किटो' वेगळा, तो माशीच्या स्पॅनिश शब्दावरून. मस्जिद आणि मक्का लिहिणं कधीही चांगलं, पण त्यासाठी खोट्या कारणाची गरज नाही.

ऐनचा तीन, आणि शहीद शब्दाची गोष्ट

कोकणातल्या कितीतरी घरांतला एकेक माणूस गल्फमध्ये. तिथल्या अरबी सहकाऱ्याचा मेसेज आला की मधेच इंग्रजी तीन आणि सात दिसतात, आणि घरच्यांना वाटतं मोबाईल बिघडला. अरबी मुलांनी ही युक्ती इंग्रजी कीबोर्डसाठी काढली. इंग्रजी तीन आरशात पाहा, ऐन दिसेल. सात म्हणजे 'हबीबी'मधला घशातून येणारा 'ह'. दोन म्हणजे हमजा, पाच म्हणजे 'खालिद'मधला 'ख'. बस, एवढं कळलं की अर्धा मेसेज वाचता येतो.

अरबी शब्द आता बिगर-मुस्लिमांच्या बोलण्यातही शिरले आहेत. जर्मनीपासून स्वीडनपर्यंत शाळकरी पोरं वाक्यावाक्याला 'वल्लाह' म्हणतात. २९ सप्टेंबर २०२० च्या वादसभेत जो बायडेन ट्रम्प यांना कराचे कागद कधी दाखवणार विचारताना 'इन्शाअल्लाह' म्हणून गेले, म्हणजे 'कधीच नाही' या सुरात. आपल्या घरातही "अभ्यास केला का?" "इन्शाअल्लाह करतो" याचा अर्थ काय असतो, ते अम्मींना विचारा! हसून सोडण्यासारखं आहे, पण 'वल्लाही ब्रो' म्हणत गेममधल्या हारजितीवर कसम खाणारी आपली मुलं पाहिली की आम्हाला बरं वाटत नाही. कसम ही कसम असते.

काही शब्द मात्र भीतीपोटी तुटतात. कंपनीचं यंत्र शब्द पकडतं आणि पोस्ट काढून टाकतं, म्हणून लोक वेडंवाकडं लिहितात. 'शहीद' हे त्याचं मोठं उदाहरण. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या मंचांवर सर्वाधिक पोस्ट ज्या एका शब्दामुळे हटवल्या गेल्या तो शब्द 'शहीद'. मराठी पेपरात 'शहीद जवान' कधीपासून छापतात, अनेकांचं तर नावच शहीद. मार्च २०२४ मध्ये मेटाच्याच ओव्हरसाईट बोर्डाने सांगितलं की ही सरसकट बंदी उठवा, आणि त्या वर्षी जुलैमध्ये कंपनीने ते मान्य केलं. पॅलेस्टाईनसाठी कलिंगडाचं चित्र टाकतात तेही यातलंच. लाल, हिरवा, काळा, पांढरा हे झेंड्याचे रंग कलिंगडात आहेत.

कुठे थांबून विचारायचं

मुलांच्या बोलण्यातलं बहुतेक सगळं निव्वळ टाईमपास आहे. 'रिझ' म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याची कला, ऑक्सफर्डचा २०२३ चा शब्द. 'ब्रेन रॉट', म्हणजे फालतू रील पाहून डोकं सडणं, २०२४ चा. आकडे घेऊन 'सिक्स सेव्हन' ओरडतात त्याला तर काही अर्थच नाही, आणि अर्थ नाही हीच त्यातली मजा. आपलं 'विषय हार्ड' काय वेगळं आहे? 'मुलांचे गुप्त कोड' अशा याद्या फिरतात, त्यांना फार महत्त्व देऊ नका. त्यातले बरेच शब्द मुलांनी कधी ऐकलेलेही नसतात.

पण तीन-चार तुकडे ओळखता आलेच पाहिजेत. 'केवायएस' म्हणजे 'स्वतःला संपव'. गेम खेळताना पोरं हे सहज एकमेकांना लिहितात. 'केएमएस' म्हणजे 'मी स्वतःला संपवतो'. 'अनअलाइव्ह' हाही मरण्यासाठीचाच आडवळणाचा शब्द, यंत्राच्या नजरेतून सुटावा म्हणून काढलेला. आणि अनोळखी माणसाने 'एएसएल' विचारलं तर तो वय, मुलगा की मुलगी आणि ठिकाण विचारतोय.

'केएमएस' दहापैकी नऊ वेळा 'उद्या गणिताचा पेपर आहे' एवढ्यावरच असेल. तरी विचारावं. मोबाईल हिसकावून, आरडाओरडा करून नाही, तर जेवताना जवळ बसवून: "बेटा, हे तू का लिहिलंस?" कधी कधी एखादी आपा किंवा भाईजान अम्मी-अब्बांपेक्षा नीट विचारू शकतात. मन खरंच खचलेलं दिसलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. मुलं अडचणीत असतील तर १०९८. अनोळखी माणसाने फोटो मागितले, धमकावलं किंवा पैसे उकळले तर १९३०. खानदानाच्या इज्जतीपायी गप्प बसून अशा गोष्टी वाढतात, हे आम्ही पाहिलेलं आहे.

नावातला 'मो.'

तुकड्यांची सवय अर्जापर्यंत गेली की त्रास होतो. मोहम्मद कुठे 'मो.', कुठे इंग्रजीत चार अक्षरी, कुठे दोन अक्षरी. शेख कुठे दोन अक्षरांत. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टच्या अर्जात तिसरं. चॅटमध्ये हे चालतं, खिडकीवरचा कारकून मात्र तीन वेगळी माणसं समजतो आणि कागद परत करतो. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा, दोन-चार खेपा घाला. गल्फचा व्हिसा त्यात अडकला तर नोकरीच हातची जाते.

यावर इलाज सुरुवातीलाच आहे. जन्मदाखल्यावर नाव पूर्ण लिहावं आणि पुढे प्रत्येक कागदावर अक्षरन् अक्षर तेच ठेवावं. दहावीचा फॉर्म भरल्यावर शाळा मुलांच्या नावांची प्री-लिस्ट तपासायला देते. तिच्यावर सही करण्याआधी इंग्रजी आणि मराठी दोन्ही स्पेलिंग आधार समोर ठेवून एकदा मोठ्याने वाचा. आणि तिथे 'मो.' दिसलं, तर त्याच दिवशी वर्गशिक्षकांना सांगून दुरुस्त करून घ्या.